सेप्टल अ‍ॅब्लेशनची फाईल: नागपूरच्या रुग्णांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. त्याच्या अडथळ्याच्या प्रकारात हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा जाड होऊन रक्ताची बाहेर जायची वाट अडवतो. अल्कोहोल सेप्टल अ‍ॅब्लेशनमध्ये छाती उघडत नाहीत. अँजिओप्लास्टीसारखी नळी घालून पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमनीत साधारण १ ते ३ मिली शुद्ध अल्कोहोल सोडतात. तेवढा भाग निकामी होतो, हळूहळू आक्रसतो आणि वाट मोकळी होते.

पात्रता आधी वैद्यकीय, मग सरकारी. बीटा ब्लॉकर किंवा व्हेरापामिल (हृदयाची गती आणि जोर कमी करणाऱ्या गोळ्या) सोसेल तेवढ्या मात्रेत घेऊनही थोडं चालल्यावर दम लागतो, छाती दुखते किंवा भोवळ येते, अशांसाठी हा उपचार आहे. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) अडथळ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक, म्हणजे ग्रेडियंट, ५० मिमी पारा किंवा अधिक लागतो. पडदा फार जाड नसेल, १६ मिमीच्या आत असेल, तर त्याला भोक पडण्याचा धोका वाढतो. मायट्रल झडपेतच दोष असेल किंवा बायपासही लागणार असेल, तर शस्त्रक्रियेने पडदा तासणं बरं.

इको रिपोर्ट हा या फाईलचा कणा आहे. अनेकदा स्वस्थ पडून असताना ग्रेडियंट २०-३० दिसतो आणि श्वास रोखून जोर लावल्यावर तोच ५० च्या वर जातो. रिपोर्टमध्ये फक्त पहिला आकडा असेल तर कागदावर तुम्ही पात्रच दिसत नाही. दोन्ही आकडे, पडद्याची जाडी आणि झडपेची स्थिती लिहून घ्या. सोबत ईसीजी, अँजिओग्राफी आणि आतापर्यंतच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या जोडा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. आधार आणि रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. नोंदणी तोच करतो. रेशनकार्ड नसेल तर अधिवास दाखला विचारतात. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा. उपचाराची पूर्वमंजुरी रुग्णालय ऑनलाइन मागतं. हा उपचार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो आणि त्या रुग्णालयाला ते पॅकेज मंजूर आहे का, हे दाखल होण्याआधीच विचारा. चौकशीसाठी १५५३८८.

योजनेत बसलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी. लागणारे कागद: विहित अर्ज, तहसीलदाराचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला (मर्यादा १ लाख ६० हजार), आधार, रेशनकार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट आणि खर्चाचं मूळ अंदाजपत्रक. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करावं लागतं. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. आधीच भरलेल्या बिलाची भरपाई मिळत नाही, म्हणून उत्पन्न दाखल्यासाठी सेतू केंद्रात उपचाराची तारीख ठरायच्या आधीच अर्ज टाका.

अंदाजपत्रकात एक ओळ हमखास सुटते: पेसमेकर. अल्कोहोलने पडद्यातली विद्युतवाहिनीही दुखावते. म्हणून तात्पुरता पेसमेकर लावूनच प्रक्रिया करतात आणि पुढचे काही दिवस मॉनिटरवर ठेवतात. दहातल्या सुमारे एकाला तो कायमचा बसवावा लागतो. ईसीजीत आधीपासून डावा बंडल ब्रँच ब्लॉक (विद्युतवाहिनीच्या डाव्या फांदीत अडथळा) असेल तर ही शक्यता बरीच जास्त. हा खर्च ‘लागल्यास’ असं लिहून आधीच अंदाजपत्रकात घालून घ्या.

मंजुरीची वाट पाहण्याचे दिवस नागपूरच्या मे महिन्यात आले, तर पाणी कमी पडू देऊ नका. शरीर सुकलं की अडथळा वाढतो आणि भोवळ येते. छातीत दुखलं म्हणून जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळीही घेऊ नका. या आजारात ती रक्तदाब झटकन पाडते. नवीन डॉक्टरांना हे आपणहून सांगा.

फरक पूर्ण दिसायला ३ ते ६ महिने लागतात, तेव्हा फेरइकोची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. आजार बहुतेकदा आनुवंशिक असतो. त्याच कागदावर भावंडं आणि मुलांच्या ईसीजी-इकोची शिफारसही मागा.