अरेका की सायकस? घरात मांजर असेल तर

‘घरात मांजर आहे, एखादा पाम दाखवा,’ म्हटलं की नर्सरीवाला हमखास दोन कुंड्या पुढे करतो. एकीत अरेका, दुसरीत सायकस. ‘हाही पामच आहे ताई, शिवाय पाणी कमी लागतं.’ पाण्याचं खरं आहे. पामचं नाही.

अरेका हा मादागास्करचा अस्सल पाम. मांजराने शेंडे कुरतडले तरी विषबाधा होत नाही. फारच ताव मारला तर गवत खाऊन ओकतं तसं सतरंजीवर हिरवं ओकेल आणि वर आपल्याकडेच रागाने बघेल. (नाव सुपारीच्या झाडाचं असलं तरी सुपारी मात्र याला लागत नाही.) सायकस मूळचा दक्षिण जपानचा. इंग्रजीत त्याला ‘सागो पाम’ म्हणतात, पण कुळ बघाल तर तो नारळापेक्षा पाइनला जवळचा: फूल नाही, फळ नाही, बिया उघड्या. आणि ‘सागो’ म्हणजे साबुदाणा असला तरी उपासाच्या साबुदाण्याशीही त्याचा संबंध नाही. साबुदाणा आपल्याकडे कसाव्याच्या कंदाचा होतो.

सायकसचं पान, बुंधा, मूळ, सगळंच विषारी. बिया सर्वांत जहाल. त्यातलं सायकॅसिन नावाचं विष पोटात गेलं की आतड्यातले जिवाणू ते फोडतात आणि त्यातून सुटणारं द्रव्य यकृत पोखरतं. आधी लाळ, उलट्या, सुस्ती. मग हिरड्या नि डोळे पिवळे पडतात, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. यावर उतारा असं औषध नाही. म्हणून पान चावलेलं दिसलं तर उलटीची वाट बघत बसू नका. तुटलेलं पान पिशवीत घालून मांजरासकट डॉक्टर गाठा.

ओळखायचं कसं? पाटीवर जाऊ नका, त्यावर नुसतं ‘पाम’ लिहिलेलं असतं. कुंडीत वाकून बघा. अरेकाच्या बारीक, पिवळसर दांड्या मातीतून झुबक्याने वर येतात, पानं मऊ आणि झुकलेली. सायकसला मधोमध एकच बुंधा, अननसासारखा खरबरीत, आणि डोक्यावर ताठ पानांचं चक्र. रोप लहान असेल तर मातीत अर्धा रुतलेला गड्डा दिसतो. टेबलावर ठेवायला म्हणून विकतात ते हेच, म्हणजे नेमकं मांजराच्या तोंडाशी. तरी शंका असेल तर पातीच्या टोकावर बोट टेकवा. सायकस टोचतो. पाती उलटी केली तर तिच्या कडा आत वळलेल्या लागतात.

आधीपासून घरी सायकस असेल तर तो कपाटावर चढवून उपयोग नाही, कपाट आपल्यापेक्षा मांजराच्या जास्त ओळखीचं असतं. देऊनच टाका. फक्त ‘खालच्या काकांना देऊ’ म्हणण्याआधी त्यांच्याकडे कुत्रा नाही ना, ते विचारा. त्यालाही तो तितकाच बाधतो.