१०० मिलिमीटर, ४५ सेकंद

हिंगणा एमआयडीसीत प्लास्टिकमध्ये मिसळायची एक सेंद्रिय पावडर बनवणारे ओळखीचे उद्योजक मध्यंतरी आपल्या मालाची एमएसडीएस, म्हणजे सुरक्षिततेची माहिती देणारी पत्रिका, घेऊन आले. परदेशी गिऱ्हाइकानं ती परत पाठवली होती. नवव्या विभागात पदार्थाचे भौतिक गुणधर्म लिहायचे असतात. तिथे ज्वलनशीलतेपुढे 'लागू नाही' असं होतं आणि त्याच पानावर फ्लॅश पॉइंटचा एक आकडा दिलेला होता. त्यांचं म्हणणं असं: "काडी लावली तर जळते सर, नाही असं नाही. पण तशी लाकडाची फळीही जळते. मग लिहू काय?"

प्रश्न अगदी योग्य आहे. फ्लॅश पॉइंट हा मुळात द्रवांचा आकडा. पेट्रोल किंवा टर्पेंटाइनच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ किती तापमानाला जमते, ते तो सांगतो. बहुतेक घन पदार्थ नेहमीच्या तापमानाला मोजण्यासारखी वाफ सोडतच नाहीत. कापूर, नॅफ्थलीनच्या गोळ्या असे थोडे अपवाद. घन पदार्थाचा धोका वेगळ्या मोजपट्टीनं मोजावा लागतो, आणि ती खरोखरच एक पट्टी असते: त्याच पदार्थाच्या पावडरची, २५० मिलिमीटर लांब.

तिकडे वळण्याआधी नागपुरात दर उन्हाळ्यात कानावर येणारं एक वाक्य तपासून घेऊ. गोदामाला आग लागली की "एवढ्या उन्हात केमिकल पेटणारच" असं कुणीतरी हमखास म्हणतं. २३ मे २०१३ला शहराचा पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. पत्र्याच्या शेडखाली त्या दिवशी अगदी ७० अंश झाले असं धरलं, तरी गोणीतल्या गंधकाला आपोआप पेटायला २०० अंशांच्याही वर जावं लागतं. उन्हानं ठिणगी पडत नाही. ठिणगी येते उघड्या वायरिंगमधून, वेल्डिंगमधून, कुणी फेकलेल्या बिडीतून. आपोआप पेटणारे पदार्थ असतात, पण त्यांचा गट वेगळा आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या. पांढरा फॉस्फरस दमट हवेत ३० अंशांच्या आसपासच पेटतो, म्हणून तो पाण्याखाली ठेवतात. कोळशाचा मोठा ढीग आतून तापत तापत पेट घेतो, हे विदर्भातल्या खाणवाल्यांना सांगायला नको.

इथेच एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घरातले कपडे, गादी, धान्याची कोठी आपोआप पेटते, ही भानामती, असं आजही गावोगाव सांगितलं जातं आणि त्या नावाखाली एखाद्या बाईला किंवा अख्ख्या कुटुंबाला वाळीत टाकलं जातं. ठिणगी न लागता हवेत पेटणारे पदार्थ रसायनशास्त्राला चांगले ठाऊक आहेत. ते ओळखण्याची चाचणीही सरळ आहे: १ ते २ मिलिलिटर पावडर साधारण १ मीटर उंचीवरून न जळणाऱ्या पृष्ठभागावर टाकायची आणि ५ मिनिटांत ती पेटते का ते पाहायचं. सुती लुगडं या चाचणीत कधीच पेटणार नाही. ते पेटलं असेल तर कुणीतरी पेटवलंय. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती नागपुरातूनच काम करते आणि २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदाही हाताशी आहे. अशा घटनेत मांत्रिकाला नाही, पोलिसांना बोलवावं.

आता ती पट्टी. वर्धा रोडवर मालवाहू ट्रकच्या मागे शंकरपाळ्याच्या आकाराची पाटी दिसते. तिच्यावर लाल-पांढरे उभे पट्टे, वर काळी ज्वाळा आणि खालच्या कोपऱ्यात ४ हा आकडा असेल, तर आत ज्वलनशील घन पदार्थ आहे. गंधक, कापूर, नॅफ्थलीन, हेक्झामाइन, लाल फॉस्फरस, एवढंच काय, आगपेट्यासुद्धा याच वर्गात येतात. वर्ग ४, उपविभाग ४.१. त्यात कोणती पावडर बसते ते ठरवायला संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-नियमावलीत एन-१ नावाची चाचणी आहे.

आधी चाळणी परीक्षा. पावडरची साधारण २५० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर उंच सलग ओळ एका थंड, उष्णता सहज न वाहणाऱ्या फरशीवर घालतात. एका टोकाला गॅस बर्नरची किमान १००० अंशांची ज्योत लावायची, पावडर पेटेपर्यंत किंवा फार तर २ मिनिटं. धातूंच्या पावडरींचं वेगळं, ते पुढे येईलच; इतरांत आग २ मिनिटांत २०० मिलिमीटरपर्यंत सरकली नाही, तर पदार्थ ४.१मध्ये येत नाही आणि पुढचं काही करायची गरज उरत नाही. पुष्कळ पावडरी इथेच सुटतात. ज्योतीखाली वितळतात, काळ्या पडतात, थोडा धूर देतात आणि बर्नर बाजूला केला की विझतात.

ज्या सुटत नाहीत त्यांची खरी चाचणी पुढे. २५० मिलिमीटर लांबीचा, त्रिकोणी पोकळीचा धातूचा साचा सैलसर भरतात. पावडर नेहमी सारखीच दबावी म्हणून तो २० मिलिमीटर उंचीवरून तीनदा आपटतात, मग वर फरशी ठेवून उलटा करतात आणि साचा अलगद उचलतात. फरशीवर पावडरची एक छोटी, धारदार डोंगररांग उरते. एक टोक पेटवायचं. पहिले ८० मिलिमीटर जळेपर्यंत स्टॉपवॉचला हात लावायचा नाही, कारण सुरुवातीच्या भागात बर्नरनं दिलेल्या उष्णतेचाही हातभार असतो. त्यापुढच्या १०० मिलिमीटरला किती सेकंद लागले ते मोजायचं. ४५पेक्षा कमी, म्हणजे सेकंदाला २.२ मिलिमीटरपेक्षा जास्त वेग आला, तर पदार्थ ज्वलनशील घन ठरतो. आधीच निकाल लागला नाही तर चाचणी सहा वेळा करतात.

किती उष्णता निघाली हे इथे कुणी विचारत नाही. दगडी कोळशाचं ढेकूळ भरपूर उष्णता देतं, पण ते पेटवताना नाकी नऊ येतात. गंधकाची उष्णता कोळशाच्या निम्म्याहूनही कमी, तरी आग त्याच्यातून सरसर जाते. माणसाला पळायला, पाणी आणायला, शेजारची गोणी ओढून बाजूला करायला मिळणारा वेळ आगीच्या वेगावर ठरतो, म्हणून मोजायचा तो वेग.

हा वेग येतो कुठून? पूर्वी चूल पेटवायला शेजारणीकडून विस्तव मागून आणत. पावडरीतही प्रत्येक कण शेजाऱ्याकडूनच विस्तव घेतो. जळणाऱ्या कणाची उष्णता पुढच्या कणापर्यंत पोचते, तो तापतो, त्यातून वाफ किंवा ज्वलनशील वायू सुटतो, तो वायू हवेत मिसळून पेटतो, आणि मग त्या कणाची पाळी येते. सगळा खेळ या परतीच्या उष्णतेचा आहे. ज्वाळेची बहुतेक उष्णता गरम वायूंबरोबर वर निघून जाते. पुढच्या थंड कणांकडे वळतो तो लहानसा वाटा. हा वाटा कणांना पेटण्याइतकं तापवायला पुरला तर आग चालते, नाहीतर थांबते. फरशी उष्णता न वाहणारी हवी ती यासाठीच. धातूची ठेवली तर ती हाच वाटा खाऊन टाकेल आणि धोकादायक पावडर निर्धोक ठरेल.

कणाच्या आकारानं हे गणित पार पालटतं. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन ०.१ मिलिमीटर बाजूच्या कणांत फोडला तर १० लाख कण होतात आणि एकूण पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. उष्णता शिरायला आणि वायू सुटायला शंभरपट जागा. त्यामुळे निकाल रसायनाच्या नावाचा नसतो, त्या बारकाईच्या मालाचा असतो. भरड माल पाठवून 'ज्वलनशील नाही' असा अहवाल आणायचा आणि बाजारात बारीक माल विकायचा, हे मला सरळसरळ फसवणुकीसारखं वाटतं. उद्योजकांना मी हेच सांगितलं: गिऱ्हाइकाला जाणारा सर्वांत बारीक, सर्वांत कोरडा माल लॅबला द्या, आणि एमएसडीएसमध्ये पद्धतीचं नाव, कणांचा आकार आणि निकाल तिन्ही लिहा.

आता या चाचणीतला मला सगळ्यांत आवडणारा भाग. वेग मोजायचे १०० मिलिमीटर संपले की त्यापुढे ३० ते ४० मिलिमीटरवर, पेटवण्याआधीच, १ मिलिलिटर पाणी थेंब थेंब सोडून ठेवलेलं असतं. पाण्यात थोडं ओलं करणारं द्रव्य घालतात, कारण पुष्कळ सेंद्रिय पावडरींवर साधं पाणी ठरत नाही, मोत्यासारखं घरंगळून जातं. आग त्या ओल्या पट्ट्यापाशी किमान ४ मिनिटं अडली तर पदार्थ कमी धोक्याच्या गटात, म्हणजे पॅकिंग ग्रुप ३मध्ये. ओलांडून गेली तर ग्रुप २.

फक्त १ मिलिलिटर? हिशोब करून पाहा. डोंगररांगेचा छेद म्हणजे २० मिलिमीटर पायाचा, १० मिलिमीटर उंचीचा त्रिकोण, क्षेत्रफळ बरोबर १ चौरस सेंटिमीटर. पावडरीत निम्मी जागा पोकळ धरली तर १ मिलिलिटर पाणी साधारण २ सेंटिमीटर लांबी पुरती भिजवतं. २५ अंशांचं १ ग्रॅम पाणी उकळून वाफ करायला सुमारे २.६ किलोज्यूल लागतात. आता आगीची बाजू. सीमेवरच्या वेगानं, सेकंदाला २.२ मिलिमीटर, आग दर सेकंदाला ०.२२ मिलिलिटर पावडर खाते. सैल भरलेल्या पावडरीची घनता मिलिलिटरला ०.५ ग्रॅम धरली तर ०.११ ग्रॅम, आणि ग्रॅमला २५ किलोज्यूल धरले तर सेकंदाला सुमारे २.७ किलोज्यूल. म्हणजे पाण्याची मागणी आणि आगीची सेकंदाची कमाई जवळपास सारखी! पण आगीच्या हातात सगळी कमाई नसते. पुढे वळणारा वाटा समजा एक दशांश. मग पाणी उडवायला तिला १० सेकंदांच्या आसपास तग धरावा लागेल, आणि तेवढ्या वेळात ओल्या पट्ट्याला टेकलेली कोरडी पावडर जळून संपत आलेली असते. सेंद्रिय पावडर किती उष्णता देते आणि त्यातली किती पुढे वळते, हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. खऱ्या पदार्थात ते बदलतात, आणि म्हणूनच काही पावडरी अडतात तर काही ओलांडतात. ज्याची ज्वाळा उंच आणि वाफ भरपूर, तो २ सेंटिमीटरचा ओला पट्टा वरूनच ओलांडू शकतो. ज्याच्या रेणूतच ऑक्सिजन देणारे गट आहेत, त्याला बाहेरच्या हवेची फारशी वाटच पाहावी लागत नाही.

४ मिनिटं थांबायचं कारणही यातच आहे. ज्वाळा दिसेनाशी झाली तरी पावडर आत धुमसत असते, हळूहळू ओल सुकवते आणि पलीकडे पुन्हा डोकं वर काढते. ही चाचणी म्हणजे आग विझवणाऱ्याच्या बाजूनं विचारलेला प्रश्न आहे: पाणी मारलं तर उपयोग होईल का?

धातूंच्या पावडरींना हा प्रश्न विचारतच नाहीत. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम एकदा पेटले की इतके तापतात की पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन ओढून घेतात आणि हायड्रोजन मोकळा करतात. विझवायला गेलेलं पाणी इंधन होतं. त्यांची आग अनेकदा ज्वाळेविना, तांबूस-पांढऱ्या धगधगीत पट्ट्यासारखी सरकते, म्हणून त्यांचा वेळही वेगळा: सगळी लांबी १० मिनिटांत पार झाली तर ४.१, आणि ५ मिनिटांत किंवा त्याआधी झाली तर ग्रुप २. अशा आगीवर कोरडी वाळू किंवा खास कोरडी पावडर टाकतात. १९५७पासून नागपुरात असलेल्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयाच्या गावात तरी, 'आग म्हणजे पाणी' हे समीकरण लोकांनी सोडून द्यायला हवं.

काही पदार्थांना तर या फरशीवर ठेवायचंच नसतं. स्फोटक असण्याची शंका असेल तर आधी स्फोटकांच्या चाचण्या. नायट्रोसेल्युलोज हे ठळक उदाहरण: वजनाच्या किमान २५ टक्के पाणी असेल तर तो ४.१मध्ये, पाणी उडून कोरडा झाला की स्फोटकांच्या वर्गात. ड्रमचं झाकण नीट बसलं की नाही, एवढ्यावर मालाचा वर्ग बदलतो. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे, आणि स्फोटकांचे कारखाने शहराच्या आसपास आहेत. हा फरक इथल्या कामगारांनी तरी तोंडपाठ ठेवावा.

एन-१चा निकाल वाचताना होणारी सगळ्यांत महागडी चूक म्हणजे 'ज्वलनशील घन नाही' याचा अर्थ 'या पावडरीला आगीचं भय नाही' असा लावणं. गव्हाच्या पिठाचा ढीग काडीनं पेटवून पाहा, काळा पडेल आणि विझेल. तेच पीठ हवेत उडून ढग झाला की प्रत्येक कणाभोवती हवा असते, आणि ठिणगी लागताच बंद खोलीत स्फोट होतो. १८७८ साली अमेरिकेत मिनियापोलिसची वॉशबर्न पीठगिरणी अशीच उडाली आणि १८ माणसं गेली. ढीग आणि ढग हे दोन वेगळे धोके आहेत. ढगासाठी २० लिटरच्या पोलादी गोळ्यात पावडर फवारून ती पेटवतात आणि दाब किती, किती वेगानं वाढतो ते मोजतात. सेंद्रिय धुळीत तो वातावरणाच्या ८-९ पटींपर्यंत सहज जातो. ज्या कारखान्यात पावडर दळली, चाळली किंवा पाइपातून ओढली जाते, तिथे एन-१च्या अहवालाशेजारी हा दुसरा अहवालही फाइलला हवा, आणि पंख्याच्या पात्यांवर, तुळयांवर साचलेली धूळ झाडूनं किंवा हवेच्या झोतानं न उडवता योग्य व्हॅक्यूमनं काढायला हवी.