थंडीतले खुराडे: ऊब धरायची, ओल सोडायची

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि परसातल्या खुराड्यांवर गोणपाट चढते. एकही फट उरू नये म्हणून वरून प्लास्टिकचा कागदही बांधला जातो. हे मायेपोटी होत असले, तरी कोंबडीला बाधतो तो बहुधा हा कागदच.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते. गारठा वाढला की ती पिसे फुलवते आणि तळच्या मऊ पिसांत अडकलेली हवा गोधडीसारखी ऊब धरते. पहाटे तिच्या पंखाखाली बोटे सरकवली की ती लगेच जाणवते. पाय उघडे असले, तरी तेथे खाली उतरणारे गरम रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच उष्णता देते. शिवाय रात्री दांडीवर बसताना ती बोटांवर पोटाची पिसे पसरते, त्यासाठी बारीक लोखंडी नळीपेक्षा दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी बरी.

ही सारी व्यवस्था बिघडते ती ओलीने. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, त्यात श्वासातली वाफ मिसळते, आणि बंद खुराड्यात सकाळी पत्र्याच्या आतून थेंब ठिबकताना दिसतात. भिजलेली पिसे हवा धरू शकत नाहीत. खुराड्यात अंथरलेले तूस ओले झाले की त्यात जंतू विष्ठेपासून अमोनिया तयार करतात आणि त्याने श्वासनलिकेचे अस्तर दुखावले की रोगांना वाट मिळते. सकाळी उकिडवे बसून कोंबडीच्या उंचीवर नाक न्यावे; डोळे चुरचुरले, तर रात्र तिने कशी काढली ते कळते. म्हणून गोणपाट वाऱ्याच्या बाजूला, दांडीच्या थोडे वरपर्यंतच बांधावे आणि छपराखाली वीतभर फट मोकळी ठेवावी. तूस रोज खालीवर करून ओला भाग काढून टाकावा.

संध्याकाळी मूठभर मका द्यावा. त्याच्या पचनातली उष्णता रात्री कामी येते. अंडी घटली, तर दोष एकट्या थंडीचा नसतो, कारण या दिवसांत उजेड जेमतेम ११ तास असतो आणि अंड्यांसाठी १४ तास तरी लागतो.

पिल्लांना मात्र हे लागू नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते. दिव्याखाली ती एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर दिवा खाली घ्यावा, चोची उघडून कडेला सरकली असतील तर वर न्यावा.