नायटा हट्टी कसा झाला : निदान आणि उपचारांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या गावांत नायटा म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जांघेत, कंबरेभोवती किंवा काखेत उठणारा, कडेने लालसर व उंचावलेला आणि मध्ये काहीसा निवळलेला गोल चट्टा, रात्रीची झोप उडवणारी खाज आणि ती चारचौघांत सांगण्याचा संकोच, एवढे वर्णन पुरेसे होते. उसाच्या फडात दिवसभर घामाने भिजलेले कपडे, पावसाळ्यात धड न वाळणारी अंतर्वस्त्रे, घरातल्या चार-पाच माणसांत मिळून एकच टॉवेल आणि २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत निवारा केंद्रांवर झालेली दाटी, ही सगळी परिस्थिती या बुरशीला मानवणारीच आहे. त्यामुळे सांगली आणि साताऱ्याला हा आजार नवा नाही. नवे आहे ते इतकेच, की पूर्वी दोन-तीन आठवडे मलम लावल्यावर जाणारा नायटा गेल्या दहा-बारा वर्षांत महिनोन्महिने हटेनासा झाला आहे. असे का झाले हे समजून घ्यायचे, तर त्याच्या निदानाचे आणि उपचारांचे संशोधन कोठे झाले, कोणत्या रुग्णांवर झाले आणि आपल्याकडे ते इतक्या उशिरा का सुरू झाले, हे पाहावे लागते.

आयुर्वेदात या रोगाला दद्रू म्हटले असून त्याची गणना कुष्ठांत, म्हणजे त्वचारोगांच्या वर्गात, केली आहे. चरकाने तो क्षुद्र कुष्ठांत घातला, तर सुश्रुताने महाकुष्ठांत. म्हणजे हा आजार किरकोळ मानायचा की गंभीर, याविषयी जाणकारांचे एकमत नसणे ही गोष्ट पुष्कळ जुनी आहे. पावसाळ्यात बांधाबांधावर उगवणारा आणि कोवळा असताना भाजीसाठी खुडला जाणारा टाकळा संस्कृतात चक्रमर्द म्हणून ओळखला जातो आणि त्याचे दुसरे नाव दद्रुघ्न, म्हणजे दद्रूचा नाश करणारा, असे आहे. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ या नावाने विकली जाणारी पिवळसर भुकटी नायट्यावर लावली जात असे. नावात गोवा असला, तरी ती मुळात ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडातून निघत असे आणि पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने इकडे येत असे. तिच्यातील क्रायसारोबिन या द्रव्याने वैद्यकाला एक अनपेक्षित लाभ करून दिला. १८७० च्या दशकात लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांना दिसले, की नायटा समजून ही भुकटी लावलेल्या एका रुग्णाचा मूळ आजार सोरायसिस हा बुरशीशी संबंध नसलेला त्वचारोग होता आणि तोच बरा होऊ लागला होता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, जर्मनीत तिच्या जागी डायथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध वापरात आले आणि सोरायसिसच्या उपचारांत ते दीर्घकाळ टिकले. निदान चुकूनही गुण आल्याची ही दुर्मीळ गोष्ट आहे. नायट्याच्या बाबतीत चुकलेल्या निदानाने पुढे जे केले, ते अगदी उलट होते.

हा रोग बुरशीमुळे होतो, हे युरोपात १८३७ ते १८४५ या अवघ्या काही वर्षांत स्पष्ट झाले. रॉबर्ट रेमाक यांना डोक्यावरच्या खपल्यांत तंतू दिसले, योहान शोनलाइन यांनी १८३९ मध्ये ते बुरशीचे असल्याचे मांडले, पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले आणि १८४५ मध्ये माल्मस्टेन यांनी ‘ट्रायकोफायटॉन’ हे नाव रूढ केले. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धान्त सर्वमान्य होण्याच्या कितीतरी आधी, एका सामान्य त्वचारोगाचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसले होते, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. त्यानंतर रेमों साबुरो यांनी या बुरशी वाढवण्याचे माध्यम आणि त्यांचे वर्गीकरण सिद्ध केले आणि १९१० मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत आजही त्यांच्याच नावाचे माध्यम वापरतात. दवाखान्यातली तपासणी याहून सोपी आहे. चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून काचपट्टीवर घ्यायचे, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि त्वचेचे केराटिन विरघळले की बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू पाहायचे. खर्च नगण्य आणि वेळ काही मिनिटांचा.

एवढी सोपी तपासणी नेहमीच्या व्यवहारात का रुजली नाही, हा प्रश्न आपल्या भागात जास्त टोचतो, कारण येथे वैद्यकाची परंपरा मोठी आहे. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि कराडलाही पुढे मोठे वैद्यकीय शिक्षण केंद्र झाले. त्वचेचे नमुने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे कामही अपरिचित नव्हते, कारण कुष्ठरोगासाठी तेच केले जात होते. देशात १९५५ मध्ये कुष्ठरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कार्यकर्ते घरोघर फिरून अंगावरचे बधिर चट्टे तपासत. डॅप्सोन या औषधाला जंतू दाद देईनासे झाल्यावर १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि त्याचे परिणाम वर्षानुवर्षे मोजले गेले. कुष्ठरोगाची समाजाला भीती होती, म्हणून त्याला सर्वेक्षण मिळाले, निधी मिळाला आणि संशोधन मिळाले. नायट्याने कोणी मरत नाही आणि कोणाची बोटे झडत नाहीत. त्यामुळे त्याच्या वाट्याला मेडिकलमधली ट्यूब आली. माझ्या मते पुढचे सगळे यातूनच घडले आहे.

उपचारांचे संशोधन या काळात थांबले नव्हते, पण ते बहुतांशी दुसरीकडे चालले होते. १९०७ च्या सुमारास आर्थर व्हिटफील्ड यांनी बेंझोइक आणि सॅलिसिलिक आम्लांचे मलम सांगितले आणि ते स्वस्त असल्याने सरकारी दवाखान्यांत अनेक दशके दिले गेले. ग्रिझिओफल्विन हे द्रव्य एका बुरशीपासून १९३९ मध्ये वेगळे केले गेले, परंतु ते पोटात घेतल्यास नायटा बरा होतो, हे ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गिनीपिगवरील प्रयोगांतून १९५८ मध्ये दाखवले. त्यापूर्वी डोक्यावरच्या नायट्यासाठी मुलांना क्ष-किरण देऊन त्यांचे केस गाळत असत, हे आज वाचतानाही अंगावर काटा येतो. मग क्लोट्रिमॅझोल व मायकोनॅझोल, पुढे इट्राकोनॅझोल आणि १९९० च्या दशकात टर्बिनाफिन आले. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार होत असताना एका विशिष्ट विकराला (एन्झाइमला) अडवायचे, ही टर्बिनाफिनची पद्धत. हे औषध इतके प्रभावी ठरले, की रोज २५० मिलिग्रॅम, दोन ते चार आठवडे, हे प्रमाण पाठ्यपुस्तकांत पक्के झाले. मात्र या प्रमाणामागच्या चाचण्या प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतल्या होत्या आणि त्यांतली बुरशी बहुधा ट्रायकोफायटॉन रुब्रम ही होती. आपण ते प्रमाण उचलले आणि वीस-पंचवीस वर्षे ते येथे चाललेही. त्यामुळे ते येथे पुन्हा तपासून पाहण्याची निकड कोणाला भासली नाही.

याच काळात दुसरी एक धारा वाहत होती. १९५२ मध्ये त्वचेवर लावायचे हायड्रोकॉर्टिझोन हे दाह शमवणारे स्टेरॉइड यशस्वी ठरले आणि त्यानंतर एकाहून एक तीव्र स्टेरॉइडे आली. एक्झिमासाठी ती वरदान होती. बुरशीवर ती लावली, तर शरीराची प्रतिक्रिया दबते, लाली व खाज दोन दिवसांत उतरते आणि बुरशी मात्र आत निर्धास्त पसरत राहते. चट्ट्याची ओळखीची गोल कड पुसली जाते आणि अनुभवी डॉक्टरचेही निदान चुकू शकते. आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ मध्येच या अवस्थेचे वर्णन करून तिला ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेश पालटलेला नायटा, असे नाव दिले होते. तरीही आपल्या बाजारात तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे आली आणि खपली. दुकानदाराला रोग ओळखायची गरज नाही, डॉक्टरला खरवडून पाहायची गरज नाही आणि रुग्णाला लगेच आराम, अशी सर्वांची सोय त्या एका ट्यूबमध्ये होती. त्वचेवर लावायच्या बहुतेक स्टेरॉइडांना शेड्यूल एचमधून, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतून, असलेली सवलत २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांच्या बाबतीत काढून टाकण्यात आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ३२८ मिश्र औषधांत अशी काही मलमेही होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने त्यासाठी बरीच वर्षे पाठपुरावा केला होता.

देशभरातील त्वचारोगतज्ज्ञ हटवादी नायट्याविषयी २०१३-१४ च्या सुमारास बोलू लागले आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत जे संशोधन झाले, तेवढे आधीच्या पन्नास वर्षांत झाले नव्हते. दिल्ली, चंदीगड आणि इतर ठिकाणच्या प्रयोगशाळांतून दोन गोष्टी पुढे आल्या. पूर्वी येथे सर्वाधिक आढळणाऱ्या रुब्रमची जागा ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटीस गटातल्या बुरशीने घेतली होती आणि तिच्या अनेक नमुन्यांत टर्बिनाफिन ज्या विकराला अडवते, त्याच्या जनुकात बदल झाले होते. त्या विकरातील ३९३ किंवा ३९७ या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल बदलले, तरी औषध निष्प्रभ होते. जपानमधील संशोधकांनी २०२० मध्ये नेपाळी आणि भारतीय रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे स्वतंत्र नाव दिले. रोगांच्या नावांत देशांची नावे नसावीत, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच केली होती. बुरशीच्या शास्त्रीय नावाला ती लागू नसली, तरी हे नाव खटकते, एवढे नोंदवून ठेवतो. स्टेरॉइडांनीच हा औषधरोध निर्माण केला असे सिद्ध झालेले नाही, मात्र त्यांनी संसर्ग लांबवला आणि पसरवला, हे त्वचारोगतज्ज्ञ सातत्याने सांगत आले आहेत.

उपचारांविषयी सर्वांत बोलके आकडे वाराणसीतून आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०० रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने ५०-५० चे चार गट करून त्यांना चार वेगवेगळी औषधे देण्यात आली. आठ आठवड्यांनंतर इट्राकोनॅझोलच्या गटात ६६ टक्के, फ्लुकोनॅझोलच्या गटात ४२, टर्बिनाफिनच्या गटात २८ आणि ग्रिझिओफल्विनच्या गटात अवघे १४ टक्के रुग्ण बरे झाले होते. ज्या औषधावर पाठ्यपुस्तकांची भिस्त होती, ते शंभरातल्या सत्तरांहून अधिक रुग्णांच्या कामी आले नाही. सर्वांत चांगले ठरलेले औषधही तिघांतल्या एकाच्या बाबतीत अपुरे पडले, ही बाजूही तितकीच महत्त्वाची आहे.

येथे हळदीचा विषय सांगलीकराला टाळता येत नाही. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले आणि आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. पुढे २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या विजयाचा अभिमान योग्यच आहे. परंतु हळदीचा हा उपयोग आपल्याला पूर्वीपासून माहीत होता, एवढेच त्या प्रकरणात ठरले. ती किती प्रमाणात, किती दिवस आणि किती जणांना गुणकारी ठरते, हा प्रश्न तेथे नव्हताच. टाकळ्याच्या बियांबाबतही तेच म्हणावे लागेल. ज्याला हे तपासायचे असेल, त्याला रुग्णांचे गट पाडून, खरवडून, मोजूनच तपासावे लागेल आणि तशी चाचणी सुरू करण्यापूर्वी तिची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागेल. २००९ पासून ती सक्तीची आहे.

दरम्यान ही बुरशी बाहेरही गेली. न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या पहिल्या दोन रुग्णांची नोंद अमेरिकेने मे २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकीने बांगलादेशचा प्रवास केला होता, तर दुसरीने परदेश प्रवास केलाच नव्हता. टर्बिनाफिनचा दोघींनाही उपयोग झाला नाही. एक इट्राकोनॅझोलने बरी झाली आणि दुसरीला ग्रिझिओफल्विनने बराच आराम पडला, म्हणजे वाराणसीत शेवटच्या क्रमांकावर राहिलेले औषध तेथे कामी आले.

आपल्या जिल्ह्यांतली अडचण अधिक साधी आहे. काचपट्टीवरची तपासणी बुरशी आहे की नाही एवढेच सांगते. ती कोणती आहे, हे कळायला साबुरो यांच्या माध्यमावर चार आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते आणि इंडोटिनी ही तिच्या भाईबंदांपासून नुसत्या डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकाने वेगळी ओळखता येत नाही, त्यासाठी जनुकीय चाचणीच लागते. ती मोठ्या केंद्रांतच होते. तोवर साखर कारखान्याचा हंगाम आटोपतो आणि ज्याच्या कंबरेवरचे खवले नमुना म्हणून घेतले, तो ऊसतोड मजूर आपल्या टोळीबरोबर मराठवाड्यात परतलेला असतो.