जुने शिकारी चाकू : ओळख व कालनिश्चिती

जुना शिकारी चाकू कोणत्या कारखान्यात आणि साधारण कोणत्या काळात घडला, हे पात्यावरचा ठसा, पात्याची घडण, मूठ आणि म्यान यांचा पुरावा एकत्र ताडून ठरवण्याची संग्राहकांची पद्धत. ठसा सर्वांत बोलका असतो, पण तो बहुधा एवढेच सांगतो की चाकू अमुक सालाच्या आधीचा नाही. अलीकडची मर्यादा इतर भागांवरून काढावी लागते.

ओळख पटेपर्यंत चाकू घासू नये. पॉलिशच्या चाकाखाली उथळ अक्षरे कायमची जातात आणि पात्यावरची करडी झाक, जी वयाचा पुरावा असते, तीही जाते. हलके खनिज तेल लावून मऊ कापडाने पुसणे पुरे. मग मुठीलगतचा बिनधारेचा भाग दहापट भिंगाखाली धरून विजेरीचा प्रकाश तिरका टाकावा. समोरून न दिसणारी अक्षरे अशी वाचता येतात. पात्याची दुसरी बाजू आणि गार्ड, म्हणजे मूठ व पाते यांच्यामधली आडवी पट्टी, हेही पाहावे.

देशाचे नाव हा पहिला धागा. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे तेथे आयात होणाऱ्या मालावर 1891 पासून मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. म्हणून ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असा ठसा असलेला चाकू सहसा त्यानंतरचा. उलट अनुमान मात्र फसवे असते : इतर बाजारपेठांसाठीच्या मालाला हा नियम नव्हता, त्यामुळे देशनाम नाही म्हणून चाकू 1891 पूर्वीचा ठरत नाही. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर काळ 1949 ते 1990. इंग्लंडमधील शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याच्या पात्यांवर राजमुकुटाजवळ ‘व्ही आर’ ही अक्षरे व्हिक्टोरियाची, तर ‘जी आर’ बहुधा 1910 नंतरच्या जॉर्ज राजांची.

अमेरिकी कारखान्यांत ‘केस’ (Case) या कंपनीच्या ठशांचा क्रम सर्वांत सोयीचा आहे. ‘केस एक्सएक्स’ पुढे 1965 पासून ‘यू.एस.ए.’ आले, 1970 साली घडीच्या चाकूंवर दहा ठिपके आले आणि दरवर्षी एक ठिपका कमी होत गेला. बक कंपनीच्या पात्यांवर वर्षचिन्हे 1986 पासून, वेस्टर्न कंपनीच्या पात्यांवर वर्षाचे अक्षर 1977 पासून. मार्बल्स कंपनीच्या वुडक्राफ्ट या चाकूवरचे ‘1916’ वाचून अनेक जण चुकतात. ते पेटंटचे साल आहे, निर्मितीचे नव्हे. रेमिंग्टनने 1920 च्या सुमारास सुरू केलेला चाकूंचा धंदा 1940 च्या सुमारास पॅल या कंपनीकडे गेला, त्यामुळे ‘आरएच’ या मॉडेल क्रमांकाच्या चाकूवर नाव कोणाचे ते नीट पाहावे.

मुठीत चामड्याच्या चकत्या, सांबरशिंग, हाड, कठीण रबर, सेल्युलॉइड, बेकेलाइट असे पदार्थ भेटतात. डेलरिन हे प्लॅस्टिक बाजारात आले 1960 साली. मूळ मूठ त्याची असेल तर चाकू त्याआधीचा असूच शकत नाही. सेल्युलॉइड गरम पाण्याखाली धरून अंगठ्याने चोळल्यास कापराचा वास येतो, बेकेलाइटला कार्बोलिकसारखा उग्र. तापलेली सुई कधीही टोचू नये, सेल्युलॉइड भडकते. तेच सेल्युलॉइड कुजताना वायू सोडते आणि शेजारच्या पात्यांनाही गंज चढवते, म्हणून असे चाकू वेगळे ठेवावेत.

लबाडी बहुधा ठशात किंवा मुठीत असते. खरा ठसा पाते कडक करण्याआधी मारलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या तळाशीही भोवतालच्या पोलादासारखीच झाक दिसते. झिजलेल्या पात्यावर करकरीत अक्षरे, किंवा अक्षरांभोवती उचललेली कड दिसली तर संशय घ्यावा. आम्लाने आणलेले काळेपण सगळीकडे सारखे असते. खरे वय बोटांच्या जागी गुळगुळीत आणि सांध्यात गडद असते. मूठ बदलली असेल तर चकत्या गार्डपेक्षा उंच किंवा खोल बसतात आणि टोकाच्या बोंडाच्या खिळ्यावर ताज्या हातोडीच्या खुणा दिसतात.

पात्याची लांबी टोकापासून गार्डपर्यंत मोजून कारखान्याच्या कॅटलॉगशी ताडावी. वारंवार धार लावलेले पाते अरुंद होते, पण मुठीलगत दगड पोचत नसल्याने तेथे मूळ रुंदीची पायरी उरते. तिच्यावरून किती पोलाद गेले ते कळते. टोक मोडून पुन्हा घासले असल्यास पात्याच्या पोटाचा, म्हणजे धारेच्या कडेचा, बाक अचानक तुटलेला दिसतो.

म्यान सर्वांत शेवटी पाहावे, कारण ते सहज बदलले जाते. पात्याचा आकार म्यानाच्या आतल्या घासलेल्या जागेशी जुळला तर जोडी मूळची असण्याची शक्यता मोठी. अतिनील दिव्याखाली शिवण निळसर पांढरी चमकली तर धागा बहुधा नंतरचा. चाकू म्यानातच साठवू नये; कमावलेल्या चामड्यातील आम्ल आणि ओल पात्याला डाग पाडतात आणि पितळी बटणांवर हिरवा कळंक चढतो.