नेस्मिथ बापलेक: चित्र कुणाचं, ओळखायचं कसं?

अलेक्झांडर नेस्मिथ आणि पॅट्रिक नेस्मिथ. दोघंही एडिनबरोत जन्मलेले, दोघंही निसर्गचित्रकार आणि नात्याने बापलेक. वडील १७५८चे, मुलगा १७८७चा. मुलगा आधी गेला, १८३१ साली. वडील १८४०पर्यंत जगले आणि शेवटपर्यंत रंगवत राहिले. म्हणजे वीसहून जास्त वर्षं एकाच आडनावाचे दोन चित्रकार झाडं, पाणी आणि आभाळ रंगवत होते. त्यात पॅट्रिकचा उल्लेख काही जुन्या नोंदींत ‘पीटर’ असाही सापडतो. तो तिसरा कुणी नव्हे. नुसतं ‘नेस्मिथ’ छापलेलं असलं की घोळ ठरलेलाच. पण माझ्या मते आडनाव झाकून चित्रंच शेजारी-शेजारी ठेवली, तर हा घोळ बराचसा सुटतो.

आधी वडील. बांधकाम व्यावसायिकाचा हा मुलगा बग्ग्या बनवणाऱ्याकडे उमेदवारी करत होता; बग्ग्यांवर घराण्यांची मानचिन्हं रंगवायचा. तिथे अॅलन रॅमसे या नावाजलेल्या व्यक्तिचित्रकाराने त्याला हेरलं आणि लंडनला नेलं. पुढे पॅट्रिक मिलर या धनिकाने पैसे उसने दिले, त्यावर १७८२ ते १७८४ अशी इटलीची वारी झाली. (मुलाचं नाव याच मिलरवरून ठेवलेलं.) सुरुवातीला अलेक्झांडर व्यक्तिचित्रंच काढायचे. रॉबर्ट बर्न्स या कवीचा जो चेहरा आज सगळीकडे दिसतो, तो त्यांनी १७८७ साली रंगवला. चेहरा मनासारखा उतरला म्हणताच त्यांनी हात थांबवला आणि चित्र मुद्दाम अर्धवट सोडलं. मग फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्यांची उदारमतवादी मतं सरदार-उमरावांना खुपू लागली, कामं आटली आणि गडी निसर्गचित्रांकडे वळला. स्कॉटिश निसर्गचित्रणाचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते त्या वाटेला लागले यात राजकारणाचाही हात होता, ही गंमत मला फार आवडते.

निसर्गचित्रकार एवढीच त्यांची ओळख सांगितली तर मात्र अन्याय होईल. एडिनबरोत वॉटर ऑफ लीथ या नदीकाठी सेंट बर्नार्ड्स वेल नावाच्या झऱ्यावर असलेलं गोल मंदिरवजा बांधकाम त्यांच्याच आराखड्याचं. नाटकांचे पडदे त्यांनी रंगवले, पुलांचे आराखडे काढले. १७८८ साली डॅल्सविंटनच्या तळ्यात मिलरची वाफेवरची बोट पहिल्यांदा चालली, तेव्हाही ते तिथे होते. जमीनदार त्यांना बागा आणि माळरानं सजवायला बोलवायचे. धाकटा मुलगा जेम्स, म्हणजे स्टीम हॅमरवाला प्रसिद्ध इंजिनिअर, आत्मचरित्रात एक किस्सा सांगतो. अॅथॉलच्या ड्यूकला एका उभ्या कड्यावर झाडं हवी होती, पण तिथे माणूस पोचणं अशक्य. अलेक्झांडर यांनी सुचवलं, डब्यांत बिया भरा आणि तोफेने कड्यावर डागा! डबे खडकावर आपटून फुटले, बिया फटींत पडल्या आणि काही वर्षांत कडा हिरवा झाला.

हा किस्सा ध्यानात ठेवला की त्यांची चित्रं कळायला लागतात. जिथे झाड हवं तिथे ते झाड लावणारच, मग जमिनीवर असो की कॅनव्हासवर. एका बाजूला उंच, डौलदार झाड, मधे शांत पाणी, पलीकडे किल्ला, मागे धूसर डोंगर आणि सगळ्यावर सोनेरी ऊन. ही मांडणी इटलीत मुरलेली, सतराव्या शतकातल्या क्लोद लोराँ या निसर्गचित्रकाराच्या परंपरेतली. नियम मोडणारी चित्रंही आहेतच. १८२५च्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या चित्रात रॉयल इन्स्टिट्यूशनचं बांधकाम चालू आहे आणि रस्त्यावर माणसांची वर्दळ आहे. तरी इमारती अचूक रंगवणारा हात वडिलांचाच, हे तिथेही लगेच कळतं.

पॅट्रिकचं सगळंच वेगळं. शाळा बुडवून चित्रं काढत हिंडणारा पोरगा. उजव्या हाताला इजा झाली म्हणून डाव्या हाताने रंगवायला शिकला. सतरा वर्षांचा असताना ओलसर बिछान्यात झोपून आजारी पडला आणि ऐकू येईनासं झालं, असं सांगतात. विशीत तो लंडनला गेला आणि तिकडचाच झाला. लोक त्याला ‘इंग्लिश हॉबेमा’ म्हणू लागले. हॉबेमा हा सतराव्या शतकातला डच चित्रकार. जंगलवाटा आणि पाणचक्क्या रंगवणारा. स्कॉटलंडच्या माणसाला ‘इंग्लिश’ ठरवणारी ही पदवी थोडी विचित्रच, पण विषय पाहिले तर चुकीची नाही. सरे-ससेक्सकडची माळरानं, गावाबाहेरची चिखलवाट, डबकं, गवताने शाकारलेली झोपडी. डोंगर नाही, किल्ला क्वचित.

फरक सर्वांत चांगला दिसतो तो झाडांत. वडिलांचं झाड चित्राला चौकट देतं, पानांचा झुपका मऊ आणि एकसंध. पॅट्रिकचा ओक बुटका, गाठाळ, वेडावाकडा; पानं बारीक-बारीक ठिपक्यांनी वेगळी काढलेली, खोडाची सालही खरबरीत. त्याचं आभाळ ढगांनी भरलेलं असतं, तर वडिलांचं बहुधा निवळलेलं. वडील उंचावर उभं राहून दूरवर पाहतात, मुलगा वाटेवरच उभा असतो. माझं मन पॅट्रिककडे झुकतं, कारण त्याने जे होतं तसं राहू दिलं. दारूने मात्र त्याची तब्येत पोखरली. ऑगस्ट १८३१ मध्ये लँबेथला तो अंथरुणाला खिळलेला असताना बाहेर वादळ गडगडत होतं. ते पाहता यावं म्हणून त्याने स्वतःला उठवून बसवायला लावलं, आणि त्यातच तो गेला.

तारखेचा उपयोग साधा: चित्रावर १८३१ नंतरचं साल असेल तर पॅट्रिकचा प्रश्नच मिटला. मात्र सही-तारीख नसलेल्या चित्राबाबत ‘बाप की मुलगा’ एवढंच विचारून भागत नाही. अलेक्झांडर यांच्या सहाही मुली चित्रकार होत्या, यॉर्क प्लेसमधल्या घरी चित्रकलेचे वर्ग चालवायच्या आणि त्यांच्या चित्रांवर वडिलांची छाप स्पष्ट आहे. डौलदार झाड आणि सोनेरी ऊन दिसलं तरी जेन, बार्बरा, मार्गारेट, एलिझाबेथ, अॅन आणि शार्लट ही नावंही तपासावी लागतात.