माउथवॉशने तोंडातले बॅक्टेरिया कसे आटोक्यात राहतात

माउथवॉश म्हणजे चूळ भरायचं औषधी पाणी, तोंडात खळखळवायचं आणि थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. यात दोन जाती आहेत. एक नुसता वास झाकणारा, त्याने बॅक्टेरियाचं काही वाकडं होत नाही. दुसरा ज्यात जंतूंना मारणारं किंवा वाढू न देणारं औषध असतं, ही नोंद त्याच्याबद्दल आहे.

माणसाच्या तोंडात मिळून 700 च्या वर जातींचे बॅक्टेरिया सापडलेत, एकाच तोंडात एका वेळी सगळे नसतात आणि बहुतेक निरुपद्रवीच असतात. अडचण होते ती ते दातावर थर करून बसले की. दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रोटीनचा एक अगदी पातळ पापुद्रा दातावर बसतो, त्याला आधी स्ट्रेप्टोकोकस गटातले काही बॅक्टेरिया चिकटतात, मग त्यांच्या अंगावर दुसरे, त्यांच्यावर तिसरे, आणि सगळे मिळून स्वतःभोवती चिकट जाळं तयार करतात. हाच प्लाक. सकाळी उठल्यावर जिभेचं टोक हिरडीजवळ दातावर फिरवून बघा, जे बुळबुळीत लागतं ते हेच. यातला स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स साखर खाऊन अॅसिड सोडतो, दाताजवळचा पीएच (आकडा जितका कमी तितकं अॅसिड जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, विरघळायला लागतं, आणि हिरडीच्या कडेला थर साचून राहिला की हिरड्या सुजतात, ब्रश लागला की रक्त येतं.

हे जाळं किती चिवट असतं ते स्वतः सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या डच लेवेनहूकने 1683 मध्येच पाहिलं होतं. स्वतःच्या दातांतलं पांढरं कीटण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर त्यात वळवळणारे जीव दिसले, मग त्याने कडक व्हिनेगरने चुळा भरल्या आणि पुन्हा बघितलं, तर दातांच्या फटीतल्या कीटणात जीव तसेच जिवंत. पण तेच कीटण बाहेर पाण्यात कालवून त्यात व्हिनेगर घातलं की लगेच मेले. त्याने बरोबर ओळखलं, की व्हिनेगर फक्त वरवरचे मारतं, थराच्या आत पोचत नाही. माउथवॉशचं अख्खं गणित मला तरी या एका प्रयोगात दिसतं, कारण आजची औषधं कितीतरी जोरदार असली तरी अडतं तिथेच.

औषधांमध्ये सगळ्यात दमदार क्लोरहेक्सिडीन, साधारण 0.12 किंवा 0.2 टक्क्याचं. त्याच्या रेणूवर धन भार असतो आणि बॅक्टेरियाच्या भिंतीवर ऋण, त्यामुळे ते जाऊन चिकटतं, कमी प्रमाणात असेल तर पेशीच्या पडद्याला गळती लागते, पोटॅशियमसारख्या गोष्टी बाहेर झिरपतात आणि वाढ थांबते, जास्त असेल तर आतला द्रवच गोठल्यासारखा होतो आणि पेशी मरते. पण त्याची खरी ताकद मारण्यात नाही, टिकण्यात आहे. ते दातांना आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून राहतं आणि हळूहळू सुटत 12 तासांपर्यंत काम करतं. 1970 मध्ये लो आणि शिओट या दंतसंशोधकांनी दाखवलं की दात घासणं बंद ठेवूनही दिवसातून दोनदा 0.2 टक्क्याच्या 10 मिली क्लोरहेक्सिडीनने चुळा भरल्या तर स्वच्छ दातांवर प्लाक धरतच नाही. शब्द लक्षात घ्या, स्वच्छ दातांवर. आधीच जाड बसलेला थर त्याने निघत नाही.

सेटिलपिरिडिनियम क्लोराइडही असंच भाराच्या जोरावर चालतं पण तेवढा वेळ टिकत नाही. थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेन्थॉल असली तेलं पेशीची भिंत फाडतात. त्यांच्या माउथवॉशमध्ये बऱ्याचदा 20 टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं ते मुख्यतः तेल विरघळवायला, झणझणतंय म्हणजे जंतू मरतायत असं अजिबात नाही. फ्लोराइड बॅक्टेरिया मारण्यापेक्षा इनॅमल मजबूत करायला जास्त कामाचं. जिभेवरचे बॅक्टेरिया गंधकाचे वायू सोडतात त्याने तोंडाला वास येतो, तिथे झिंक घातलेले माउथवॉश त्या वायूंना बांधून ठेवतात.

क्लोरहेक्सिडीन रोजचं म्हणून वर्षानुवर्षं वापरायची गोष्ट नाही. दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते, दातांवर दगडासारखा कडक होऊन बसणारा थर (टार्टर) वाढू शकतो, म्हणून डेंटिस्ट हिरड्यांच्या आजारात किंवा ऑपरेशननंतर थोड्या दिवसांसाठीच देतात. शिवाय जिभेवरचे काही बॅक्टेरिया अन्नातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतो जो रक्तवाहिन्या सैल ठेवतो, आणि अशा चुळांनी तेही मरतात, काही अभ्यासांत त्यामुळे ब्लड प्रेशर थोडं चढलेलं दिसलंय.

वापरताना लोक एक चूक फार करतात, पेस्टने दात घासले की लगेच क्लोरहेक्सिडीनची चूळ. पेस्टमधला फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट ऋण भाराचा, तो औषधाला आधीच धरून ठेवतो आणि बॅक्टेरियापर्यंत काही उरत नाही, म्हणून मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यायचा. मग साधारण 30 सेकंद ते एक मिनिट, दातांच्या फटींतून पाणी जाईल असं जोरात खळखळवायचं, आणि थुंकल्यावर लगेच साध्या पाण्याने तोंड धुवायचं नाही. 6 वर्षांखालच्या मुलांना माउथवॉश देत नाहीत, ती गिळून टाकतात.

हिरडी दातापासून सुटून जे खोल खड्डे होतात तिथे तर चूळ कितीही भरली तरी औषध खाली उतरत नाही, ते डेंटिस्टकडूनच साफ करून घ्यावे लागतात.